साडेदहाचा फोन

आमच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक फोन होता. फोनची वायर आखूड होती, त्यामुळे तो टेबलाच्या खिडकीकडच्या कोपऱ्यावरच बसायचा. उन्हाळ्यात दुपारी त्या खुर्चीवर बसणाऱ्याचा डावा गाल भाजून निघे. जळगावचं ऊन ज्यांनी घेतलंय त्यांना याहून जास्त सांगायला नको.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मुलांनी स्वतः फोन करावा, मारहाण, उपास, जबरदस्तीचं काम, जे असेल ते सांगावं, आणि आपण मदतीला जावं, अशी ती कल्पना होती. मोठ्या शहरांतून ती आमच्याकडे आली. एका स्थानिक संस्थेने ती चालवायला घेतली आणि मला तिथे नोकरी मिळाली. संस्थेचे कार्यवाह निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यांना सगळे भाऊ म्हणत. आमचा नंबर एस.टी. स्टँडवर, रेल्वे स्टेशनच्या बाहेर आणि शाळांच्या कंपाउंडवर निळ्या रंगाने रंगवला होता. लोक त्याला ‘पोरांचा फोन’ म्हणायचे.

माझ्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावात आईवडील दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायचे. अशा घरातून येऊन पंख्याखाली खुर्चीवर बसायचं आणि मुलांच्या हक्कांसाठी बोलायचं, याचं मला फार अप्रूप होतं. पहिल्या महिन्यात फोन वाजला की मी उभीच राहायचे.

वर्षभरात ते उभं राहणं संपलं. कारण फोन असे यायचे:

“हॅलो, पोरांचा फोन का?”

“हो, बोल बाळा.”

“आमच्या गणिताच्या सरले उचलून न्या ना.” आणि मागे चार पोरांचं हसू.

किंवा एखादा बाप: “पोरगं ऐकत नाही बाई माझं. तुम्ही जरा फोनवर दम द्या त्याला.”

भाऊ म्हणायचे, “फोन ठेवला मुलांसाठी, तक्रारी करतायत बाप. बोर्ड बदलून टाकू का?”

हसायचो आम्ही. पण संध्याकाळी घरी जाताना पाय ओढत जायचे. ज्या मुलांना आमची गरज होती त्यांच्या घरी फोन नव्हता. बूथवर गेलं तर बूथवाला विचारणार, कोणाला करतोस रे, कशाला? हळूहळू एक गोष्ट लक्षात आली, ती प्रशिक्षणात कोणी सांगितली नव्हती. खरे फोन येत ते मूल जिथे कामाला ठेवलेलं असे त्या घरांतून. त्या घरांत फोन असायचा, आणि दुपारी मोठी माणसं झोपलेली असायची.

तसाच एक फोन फेब्रुवारीत सुरू झाला. दुपारी तीनच्या सुमाराला वाजायचा. पलीकडे कोणी बोलायचं नाही. पंख्याची घरघर आणि मधूनच तान्ह्या बाळाचं कुरकुरणं ऐकू यायचं. मी गप्प राहायचे. बरेच दिवस असं झाल्यावर एकदा बारीक आवाज आला.

“चौथीचा पेपर कधी हाये?”

“तू चौथीत आहेस का?”

“होती.”

“आता शाळेत जात नाहीस?”

“जाते ना. रोज जाते.”

“मग कोणत्या वर्गात बसतेस?”

“बसत नाही. डबा द्याले जाते.”

बोलण्यावरून मुलगी यावलकडची वाटली. घरातल्या मुलाचा डबा घेऊन ती रोज दुपारच्या सुट्टीत त्याच्या शाळेत जायची. शाळेच्या भिंतीवर आमचा नंबर होता. तिने तो पाठ केला होता. पेपर एप्रिलमध्ये असतात, असं मी तिला सांगितलं. “अजून वेळ आहे,” हेही म्हटलं. मग कोणत्या शाळेत डबा नेतेस, असं विचारलं. तिने शाळेचं नाव सांगितलं आणि बाळ रडायला लागलं म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या शाळेच्या फाटकाजवळ उभी राहिले. बाया, नोकर, डबेवाले यांच्यात ती लगेच ओळखू आली. अकराएक वर्षांची, फ्रॉक खांद्यावरून उतरणारा, एका कडेवर बाळ आणि दुसऱ्या हातात तीन पुडांचा स्टीलचा डबा. डबा दिल्यावर ती लगेच वळली नाही. खिडकीतून एका वर्गाच्या फळ्याकडे बघत उभी राहिली. वर्ग रिकामा होता. मी जवळ जाऊन म्हटलं, “फोनवरची ताई मी.” ती घाबरली, पण पळाली नाही. बाळ दुसऱ्या कडेवर घेऊन माझ्या पुढे चालायला लागली. मी मागून गेले आणि घर पाहून ठेवलं.

घर चांगलं होतं. केळीच्या बागायतदाराचा नवा बंगला, बाहेर जाईचा वेल. दोन दिवसांनी मी रीतसर गेले. मालकीण माझ्यापेक्षा फार मोठी नव्हती. तिने मला बसवलं, पाणी दिलं, केळीचे वेफर्स पुढे ठेवले. कोणत्या कामाने आले ते ऐकल्यावरही तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही.

“अहो ताई, आम्ही तिला शिकायला ठेवलंय. तिचा बाप आमच्या मळ्यात सालदार आहे. गावात काय शिकणार ती? म्हटलं, इथे आण, घरातल्यासारखी राहील. जूनपासून घालणार आहोत शाळेत.”

“मागचा जून झाला ना?”

“तेव्हा बाळ लहान होतं.” मग ती सहज म्हणाली, “तुम्ही कुठल्या? पारोळ्याकडच्या? मग कॉलेजला कुठे राहिलात?”

“धुळ्याला. आठवीपासून.”

“नातेवाईक होते?”

“नाही. एक गुरुजी आणि बाई होत्या. त्यांच्याकडे राहत होते.”

“काम करून?”

“हो.”

तिने टाळीच वाजवली. “मग झालं तर! तुमचं सोनं झालं, तसं हिचं होईल. तुम्हीच असं म्हणायला लागलात तर गरिबाच्या पोरीला घरात घेणार कोण?”

वेफर हातात तसाच राहिला.

ती म्हणत होती ते खोटं नव्हतं. आमच्याकडे ही पद्धतच आहे. खेड्यातलं हुशार पोर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी कोणाकडे तरी ‘शिकायला ठेवायचं’. ते घरातलं काम करतं, घर त्याला खायला घालतं आणि शाळेत पाठवतं. ऐंशीच्या दशकात माझ्या आईने मला धुळ्याला देवपुरात असंच सोडलं होतं. जाताना एवढंच म्हणाली, “बाई सांगतीन ते बठ्ठं आयकजो.” मी सगळं ऐकायचे. पहाटे पाणी भरायचे, झाडायचे, भांडी घासायचे, कपडे धुवायचे. पण त्या घरात एक नियम होता. साडेदहा वाजले की बाई माझ्या हातातला झाडू काढून घ्यायच्या. अर्धी खोली झाडून झालेली असो, परातीत पीठ अर्धं मळलेलं असो, बाई म्हणायच्या, “साडेदहा झाले. दप्तर घे.” राहिलेलं काम त्या स्वतः करायच्या. पाहुणे असले तरी, ताप असला तरी. अकराच्या घंटेला मी वर्गात नाही असं एकदाही झालं नाही. आज मी जी काही आहे ती त्या साडेदहामुळे आहे, असं मी तेव्हाही मानत होते आणि आजही मानते.

मालकिणीला मी हे सांगितलं. ती चटकन म्हणाली, “मग पाठवते ना उद्यापासून. नगरपालिकेची शाळा कोपऱ्यावरच आहे. साडेदहाला सोडेन, तुमच्या बाईंसारखी.” आणि खरंच दुसऱ्या दिवशी मी सोबत जाऊन तिचं नाव घातलं.

कायद्याचं बोलायचं तर आमच्या हातात काही नव्हतं. तेव्हाचा बालमजुरीचा कायदा कारखान्यांचा, विडीचा, फटाक्यांचा होता. घरकामाला ठेवलेलं मूल त्यात बसत नव्हतं. भाऊंनी ते मला आधीच समजावलं होतं. “मला कलम दाखव, मी तुझ्याबरोबर येतो,” ते म्हणाले होते, आणि चष्मा काढून डोळे चोळत बसले होते. म्हणून मी माझ्या परीने एक काम सुरू केलं. मुलांनी आम्हाला फोन करायचा, ही व्यवस्था मी उलटी केली. रोज सकाळी साडेदहाला मीच त्या घरी फोन लावायचे.

“पोरगी निघाली का शाळेत?”

“निघाली हो, ही काय चप्पल घालतेय.”

दुसऱ्या आठवड्यात: “गेली बाई, गेली. तुम्ही काय शाळेचा शिपाई आहात का?”

तिसऱ्या आठवड्यात मालकिणीने वेळ ओळखून हॅलोच्या आधीच म्हणायला सुरुवात केली, “गेली.” आणि ठेवून द्यायची. मला त्या एका शब्दाचंही बरं वाटायचं. शाळेत जाऊन पाहावं असं रोज मनात यायचं. पण त्याच दिवसांत स्टेशनवर सापडलेली दोन मुलं आमच्याकडे होती, त्यांच्या घरच्यांचा पत्ता लागत नव्हता, आणि मी खुर्ची सोडू शकत नव्हते.

मार्चच्या मधल्या एका दिवशी फोन मालकिणीने उचलला नाही.

“हॅलो,” बारीक आवाज आला.

मी आवाज लगेच ओळखला. तरी ठरलेलं विचारलं, “पोरगी शाळेत गेली का?”

मग ती म्हणाली, “हो. शायेत गेली.”

“कोण गेली?”

“ती. पोरगी.”

“मग तू कोण बोलतेस?”

पंख्याची घरघर ऐकू येत होती. बाळ जवळच असावं, त्याचा श्वास ऐकू येत होता. “काकूने सांगितलं, असं सांग,” ती अगदी हळू म्हणाली, आणि मग विचारलं, “पेपर झाले का?”

“नाही. अजून आहेत.”

फोन ठेवला. मी नगरपालिकेच्या शाळेत गेले. वर्गशिक्षिका म्हणाल्या, “ती पहिले तीन दिवस आली होती. नंतर नाही. हुशार आहे हो, पाढे येतात.” हे ऐकताना माझ्या कानात मालकिणीचा ‘गेली’ वाजत होता.

त्या रविवारी मी धुळ्याची एस.टी. धरली. गुरुजी वारले होते. बाई एकट्याच राहायच्या, गुडघ्यांमुळे जिना उतरणं सुटलं होतं. मी मनात एक बेत धरून गेले होते. पोरीचं सगळं सांगितलं आणि बेताचं बोलायला तोंड उघडायच्या आत बाईंनी ओळखलं.

“माझ्याकडे आणायचा विचार आहे ना त्या पोरीला?”

“तुमच्याकडे शाळा बुडणार नाही, बाई.”

“नको आणू.” त्या पलंगावर पाय लांब करून बसल्या. “आता मी उठू शकत नाही. तिने मला उठवायचं, बसवायचं, माझं औषध, माझा चहा. मग ती शाळेत कधी जाईल? माझ्या लक्षात येईल का किती वाजले ते? ते घड्याळ बघ, सेल संपून महिना झाला, बदलायला माणूस नाही.”

“पण तुम्ही माझ्यासाठी केलंत ते...”

“आम्ही काय केलं? तू आमच्याकडे भांडीच घासलीस. थंडीत तुझ्या हाताला भेगा पडायच्या, त्या मी बघत होते. व्हॅसलीन लावत होते आणि दुसऱ्या दिवशी परत भांडी देत होते. आम्ही फक्त घड्याळ पाळलं.” मग म्हणाल्या, “कोणी पाळतं, कोणी नाही पाळत. तू दारोदार घड्याळ बघत फिरणार आहेस का?”

मला वाईट वाटलं. मला त्यांच्याकडून ते ऐकायचं नव्हतं. इतक्या वर्षांत ज्या माणसांचं नाव घेतलं की हात जोडले जातात, ती माणसं स्वतःच हात खाली घे म्हणाली की काय करायचं, ते कळत नाही. मी खाली जाऊन सेल आणला आणि घड्याळात घातला.

निघताना बाईंनी विचारलं, “आखाजीला घरी जातेस ना?” आणि हसल्या. “तुझी आई आठवते का? एका आखाजीला आमच्याकडे पाहुणे होते. मी म्हटलं, दोन दिवस उशिरा पाठवते. तर ती बया ओट्यावर बसून राहिली. आत येईना, पाणी घेईना. ‘आखाजी शे बाई’ एवढंच. गुरुजी म्हणाले, पाठव लवकर, आखाजीला कोणाची लेक अडवली तर गल्ली तोंडात शेण घालेल आपल्या.”

परतीच्या गाडीत पारोळ्याचा किल्ला मागे जाईपर्यंत मी तेवढ्याचाच विचार करत होते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. इतर ठिकाणी तो सोनं घ्यायचा मुहूर्त असेल, आमच्या खानदेशात तो लेकींचा सण आहे. सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आमरसाचं जेवण होतं. आणि आणखी एक: सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांचं, साल आखाजीला संपतं. त्या दिवशी माणूस मोकळा असतो. त्याच मालकाकडे राहायचं की दुसरा धरायचा, ते त्याने ठरवायचं.

मुलीच्या बापाला गाठायला मी यावलकडे गेले. केळीच्या बागेत तो वाळलेली पानं कापत होता. बनियनवर चिकाचे काळे डाग पडले होते, ते धुतले तरी जात नाहीत. मी कोण आहे ते सांगितल्यावर त्याने कोयता खाली ठेवला, हात धोतराला पुसले.

“बरी हाये ना ती?”

“बरी आहे.”

“पेपर जवय आले असतीन. पास होईन ना, ताई? चौथीत हाये ती तिकडे.”

त्याला माहीत नव्हतं. वर्ष होत आलं तरी तो समजत होता की ती शिकतेय. मालक मळ्यावर आले की तो विचारायचा आणि मालक म्हणायचे, मजेत आहे. मी त्याला सांगितलं: बाळ सांभाळते, भांडी घासते, डबा पोचवते, शाळेत तीन दिवस गेली. मला सांगताना लाज वाटत होती, जणू मीच तिला तिथे ठेवलं होतं.

त्याने कोयता उचलून दोन पानं कापली. मग पाठ तशीच ठेवून म्हणाला, “मालक वाईट नाहीत, ताई. माय बिमार होती तवा त्यायनी गाडी देली होती.”

“मी वाईट म्हणत नाही.”

“साल मोडून पोरीले आणली तं मी कुठी जाऊ? चार पोटं हायेत.” अजून एक पान पडलं. मग तोच म्हणाला, “आखाजी कधी हाये यंदा?”

मी बोलायला आले होते तेच त्याने विचारलं. आम्ही बांधावर बसून हिशोब लावला. पेपर आधी होते आणि आखाजी नंतर. म्हणजे पेपर जाणार. तो म्हणाला, “एक वरीस गेलंच हाये. ते जाऊ द्या.” मी परत येताना मनात धरलं की नाही, पेपरला तरी तिला बसवेनच. मालकिणीकडे गेले, भाऊंना घेऊन गेले. भाऊंनी फार गोड बोलून पाहिलं. मालकीण म्हणाली, “भाऊ, तीन दिवस शाळेत गेलेली पोरगी पेपर काय लिहिणार? उगीच नापासाचा शिक्का कशाला?” आमच्यापाशी कलम नव्हतं. बाहेर आल्यावर भाऊ म्हणाले, “हरलो आपण,” आणि रिक्षाला हात केला.

चौथीच्या पहिल्या पेपरच्या दिवशी दुपारी तीनला फोन वाजला.

“आज हाये ना?”

“हो. आज मराठीचा आहे.”

“हां,” ती म्हणाली. तिने फोन ठेवला नाही, मीही नाही. बाळ रडेपर्यंत आम्ही तशाच होतो.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी साडेदहाला फोन केला नाही, बंगल्यावरच गेले. बाप आधीच येऊन दाराशी बसला होता. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, हातात पिशवी, पिशवीतून फुलाफुलांचा नवा परकर डोकावत होता. मालकीण वैतागली होती.

“ऐन सुट्टीत? मुलं घरात, बाळाला कोण बघणार? पाठवते चार दिवसांनी.”

“आखाजी हाये ना, काकू.”

“अरे, पण आखाजीला सासरच्या लेकी येतात. ही काय सासरी नांदतेय का?”

बापाने टोपी नीट केली. “म्हणूनच तं,” तो म्हणाला. “सासरच्या लेकीले बी धाडतात. हे तं माह्या घरचीच हाये.”

शेजारची वयस्कर बाई कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती. तिने तिथूनच म्हटलं, “पाठव गं बाई, आखाजीचं कोणी अडवतं का?” मालकिणीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला वाटतं, कायद्याला ती घाबरली नव्हती, शेजारणीला घाबरली. ती आत गेली. पोरीला बोलावलं. स्वतःच तिची वेणी घातली, डब्यात पुरणपोळ्या भरून दिल्या आणि म्हणाली, “दोन दिवसांनी आणून सोड रे.” बापाने मान हलवली. होकारार्थी होती की कशी, ते मला सांगता येणार नाही.

ती दोघं फाटकाबाहेर गेली. पोरीने मागे पाहिलं नाही. कडेवर बाळ नसल्यामुळे ती जरा एका बाजूला झुकून चालत होती.

पुढच्याच आठवड्यात बापाने दुसऱ्या गावच्या एका शेतकऱ्याकडे साल धरल्याचं मला कळलं. त्या गावात शाळा होती. फोन नव्हता.

जून लागला. शाळा उघडल्यावर चार-पाच दिवसांनी एका सकाळी, काहीही न ठरवता, साडेदहाला माझा हात फोनकडे गेला आणि मी तोच नंबर फिरवला. बोटांना पाठ झाला होता. पलीकडे फोन उचलला गेला.

“हॅलो. काकू अंघोळीले गेल्या.”

आवाज दुसरा होता. आणखी बारीक.

मी फोन ठेवला आणि भाऊंना म्हटलं, मला आज यावलकडे जाऊन यायचंय. ते म्हणाले, “कशासाठी?” मी म्हटलं, “त्या बंगल्यात आता दुसरी पोरगी आहे. आधीच्या पोरीचं बघून येते. मग हिचं बघू.” भाऊ स्वतः फोनजवळच्या खुर्चीवर येऊन बसले.

गाडीत बसायला जागा नव्हती, फैजपूरपर्यंत उभी होते. पुढे दोन कोस चालत. शाळा म्हणजे मारुतीच्या देवळामागे दोन खोल्या. मास्तर ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. “आली आहे ती,” ते म्हणाले. “चौथीतच बसवली परत. बोलत नाही फारसं. पण येते. घंटेच्या आधी येते.”

मुलं दोन ओळींत बसली होती. ती मागच्या ओळीत होती, इतरांपेक्षा वीतभर उंच, तोच फुलाफुलांचा परकर नेसून. मला पाहताच तिने पाटी छातीशी धरली आणि शेजारच्या मुलीच्या मागे सरकली. मी दारात थांबले. मास्तरांनी तिला बाहेर पाठवलं. ती आली, पण दोन हात लांब उभी राहिली.

“मले न्यायले आल्या का?”

“नाही गं. मी कशाला नेऊ?”

“मंग?”

“बघायला आले. शाळेत बसतेस की नाही ते.”

तिने मागे वळून वर्गाकडे पाहिलं, तिची रिकामी जागा अजून तशीच आहे का म्हणून. मग माझ्याकडे.

“पाह्यलं ना?”

“हो, पाहिलं.”

“मंग जा,” ती म्हणाली, आणि आत जाऊन बसली.

मास्तर हसले. “रागावू नका,” ते म्हणाले. मी रागावले नव्हते. परतीच्या गाडीला वेळ होता. देवळाच्या पायरीवर बसून मी डब्यातली पोळी खाल्ली. खोल्यांतून पाढ्यांचा आवाज येत होता. त्यात तिचा आवाज मला वेगळा काढता येईना, त्याचं बरंही वाटत होतं. पाय दुखत होते. एवढ्या महिन्यांची धावपळ एका पोरीसाठी, आणि त्या बंगल्यात आज तिच्या जागी दुसरी. तिचं गाव कोणतं, तिच्या बापाला काय माहीत आहे, तिची आखाजी कधी, सगळं पहिल्यापासून विचारायचं होतं.

धूळ उडवत गाडी आली. उद्या सकाळी साडेदहाला मला फोनजवळ असायला हवं होतं.